मालगुंडची निळी चेन-सॉ

जुन्या चेन-सॉ गोळा करणारा माणूस बायकोच्या लेखी अर्धवटच असतो. तरीही मालगुंडहून व्हॉट्सअ‍ॅपवर एका निळ्या चेन-सॉचा फोटो आला, तेव्हा सुनीताच म्हणाली, "जाऊन या एकदाचे, नाहीतर महिनाभर माझं डोकं खाल." कोल्हापुरात आमच्या घरामागे बाबांची लाकडाची वखार होती. लाकूड कापणाऱ्या त्यांच्या चेन-सॉचा आवाज थांबला की सुनीता चहा टाकायची. बाबा गेले, मशीनचा कार्बोरेटर सडला आणि तसला दुसरा कुठे मिळेना. निळं मशीन भंगारातलं होतं, पण त्यातून कार्बोरेटर निघाला असता. मला तो आवाज पुन्हा ऐकायचा होता, बस.

बाबांचं मशीन डिकीत टाकून पहाटे निघालो. आंबा घाट झकास, पुढे मात्र रस्त्याचं काम चालू आहे, हाडं खिळखिळी होतात. साखरप्याला मिसळ खाल्ली, ठीकठाक. रत्नागिरीतून आरे-वारेचा समुद्रकाठचा रस्ताच धरा, डोळे निवतात.

मशीनचे मालक बागवाले आप्पा आणि काकू अंगणात वाट बघत होते. मशीन बघून माझं तोंडच पडलं. बाबांचं मशीन लाल, आणि हा फोटोतल्याहून भडक निळा रंग कुठल्याच कंपनीचा नव्हता.

"होडीचा रंग तो," आप्पा म्हणाले. "उरला होता, पुतण्यानं फासलान."

नखानं खरवडलं, खाली लाल. चेनच्या पट्टीजवळचं झाकण काढलं, तर आत बाबांच्याच मॉडेलचा नंबर. खाऱ्या हवेत राहूनही गंज नव्हता, कारण आप्पा चेनला होडीला लावतात ते माशाचं तेल घालायचे.

"मांजरं मागनं यायची बागेत," काकू म्हणाल्या.

ठिणगी मात्र पडत नव्हती. म्हणून बाबांच्या मशीनमधली कॉइल काढून ह्यात बसवली, दोरी ओढली, आणि धडधडलं की हो! आप्पांनी ते माझ्या हातातून घेतलं, पाय रोवून उभे राहिले आणि फणसाची वाळकी फांदी उतरवली. मग बंद केलं, फडक्यानं पुसलं आणि स्वतःच माझ्या डिकीत ठेवलं.

"तुम्हाला द्यायचा शब्द दिलाय," म्हणाले आणि आत गेले.

काकू हळूच म्हणाल्या, "हे बंद पडल्यापासनं बागेत फिरकले नव्हते हो."

मुक्काम गणपतीपुळ्याला होता. खानावळीतला बांगडा ताजा, सोलकढी फक्कड, पण अर्धं ताट तसंच सोडलं. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण आप्पांचे रोवलेले पाय डोळ्यांसमोरून हलेनात.

सकाळी दर्शन उरकून पुन्हा मालगुंड गाठलं आणि निळं मशीन अंगणात उतरवलं.

"तुमची कॉइल आत आहे," आप्पा म्हणाले.

"राहू दे. वडिलांची आहे, जपून वापरा."

"मग तुमचं कसं चालायचं?"

"आता दोन वस्तू शोधायच्या, एवढंच."

काकूंनी गरम घावणे वाढले. तिथून पोट भरल्याशिवाय सुटका नाही.

घरी सुनीतानं डिकी उघडून नाक दाबलं. "मशीन आणायला गेला होतात की मासे?" सगळं ऐकल्यावर बाबांचं मशीन तिनंच फडताळात ठेवलं.

परवा आप्पांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही, नुसतं बागेत चाललेलं मशीन. मी आवाज मोठा केला आणि दोघं ऐकत बसलो. बराच वेळ चाललं, मग थांबलं.

सुनीता उठली आणि तिनं चहा टाकला.