छत्रीवाला मामा आणि कपबशीची युती

आमच्या घरी कपबशी नव्हती. पाच माणसांत तीन स्टीलचे गिलास. पाहुणा आला की आधी पाहुणा प्यायचा, मग गिलास विसळून आम्ही. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा स्टेशनापासून बारा किलोमीटर आत, जंगलाला खेटून आमचं गाव. बाबा राइस मिलमध्ये पोती उचलायचे. उन्हाळ्यात माय आणि मी पहाटे विडीचा तेंदूपत्ता तोडायला जायचो आणि दुपारी दारात बसून पुडे बांधायचो. शाळेत जायला माझा एकच ड्रेस होता. रविवारी तो धुऊन कुंपणावर टाकला की वाळेपर्यंत मी घराबाहेर निघत नव्हते. त्यामुळे माझ्या मामाचं जे व्रत त्याच्या सगळ्या गावात गाजलेलं होतं, ते आमच्या घरी पाळायला काहीच कष्ट पडत नव्हते. मामा कपबशीतून चहा प्यायचा नाही.

कारण कपबशी हे विरोधी पक्षाचं चिन्ह. मामा छत्रीवाला. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात त्याचं पंक्चरचं दुकान होतं आणि दुकानावर बाराही महिने एक काळी छत्री उघडी टांगलेली असायची. मामीच्या भावाच्या लग्नात मानाचा चहा कपबशीत आला, तर यानं तो लोट्यात ओतला आणि वऱ्हाडासमोर लोटाच तोंडाला लावला. मामी लाजेनं अर्धमेली. हा उलट तिलाच म्हणतो, "त्या तांदूळचोराइच्या चिन्हाले मी ओठ लावू? तहानेनं मरन, पण नाई लावन!"

'तांदूळचोर' हा शब्द त्याला पक्षानं दिला होता. कपबशीचे पुढारी शेठजी मिलवाले, म्हणून छत्रीवाल्यांच्या भाषणात ते तांदूळचोर. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. मामानं तर नाहीच. हे वेड त्याला एका सभेत लागलं. छत्रीच्या भाऊसाहेबांनी भरगर्दीत त्याचं नाव घेऊन त्याला स्टेजवर बोलावलं. पंक्चरवाल्याला नावानं कोण हाक मारतं? सगळे "ए हवावाले" म्हणतात. मामा त्या दिवशी स्टेजवर चढला तो मनानं खाली उतरलाच नाही. पुढे त्याला बूथप्रमुख केलं. मतदानाच्या दिवशी इस्त्रीचे पांढरे कपडे घालून तो पहाटेपासून उभा. "एवढे कडक कपडे माया लग्नातबी नव्हते," असं तो अभिमानानं सांगायचा. मामी म्हणायची, "नवरदेवाले निदान जेवाले तरी भेटते."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गावाबाहेर मारबत नावाची मोठी बाहुली काढतात. जे नको असेल त्याचं नाव घेऊन ओरडायचं आणि ते मारबतीबरोबर हाकलायचं. लोक खोकला, ताप, ढेकूण, माश्या हाकलतात. मामा दरवर्षी एकच ओरडायचा, "कपबशी घेऊन जाय गे मारबत!" पोरं खिदळायची. हा मात्र गंभीर.

मी सहावीत होते तेव्हा हे वेड आमच्या घरात शिरलं. बाबांची मिल त्याच शेठजींची. निवडणूक आली आणि मुनिमानं सगळ्या हमालांच्या घरांवर कपबशीचे झेंडे लावायला सांगितले. नेमका त्याच आठवड्यात मामा आला, आम्हा पोरांना चिवडा घेऊन. अंगणातच थांबला.

"हे काय व, बाई?"

"मिलवाल्याइनं लावलं, दादा. नाई लावलं तर उद्या काम नाई."

"काम जाऊ दे. इमान नको जाऊ देऊ."

बाबा खाली मान घालून उभे होते. पाठीवर पोत्यांचे वळ असलेल्या माणसाला हा इमान शिकवत होता. माझं मामावर फार प्रेम होतं, पण त्या दिवशी मला त्याचा तिटकारा आला. तो म्हणाला, "जवरिक हे फडकं हाय, तवरिक या घरचं पाणी मले हराम." चिवडा ठेवला आणि उन्हात परत निघाला. बारा किलोमीटर, पायी. सहा वर्षं आला नाही. माय दर भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तयार करायची आणि संध्याकाळी मुकाट्यानं उचलून ठेवायची.

बारावीत मी शाळेतून पहिली आले. कॉलेज गोंदियाला. आमच्या गावाहून रोज जाणं-येणं जमणारं नव्हतं, राहायची जागा एकच, मामाचं घर. मायनं निरोप धाडला. मामीनं उलट निरोप धाडला की हे म्हणतात, आधी झेंडा काढा. झेंडा काढला तर बाबांचं काम जाणार, नाही काढला तर माझं कॉलेज. जून गेला, जुलै गेला. बाबा म्हणाले, "दिवाळीनंतर पोरीचं उरकून टाकू." मी विहिरीवर जाऊन रडले.

आणि पोळ्याच्या आठवड्यात बातमी आली. जिल्ह्याच्या निवडणुकीत कुणालाच बहुमत मिळालं नव्हतं. छत्री आणि कपबशी मिळून सत्ता बसवणार!

पुढचं मामीकडून ऐकलेलं. मामा आधी हसला. "खोटी बातमी. कपबशीवाल्याइची चाल हाय." दुपारी मोबाइलवर फोटो आला. भाऊसाहेब शेठजींना पेढा भरवत होते, शेठजींचं तोंड उघडं. मामा फोटो बोटांनी मोठा करून करून बघत राहिला. संध्याकाळी दुकानासमोर तीस-चाळीस कार्यकर्ते जमले. "गद्दारी है ये!" "राजीनामे फेका तोंडावर!" चौकात भाऊसाहेबांचा पुतळा जाळला. तिकडे कपबशीवाल्यांनीही त्यांच्या चौकात शेठजींचा जाळला. त्या एका रात्री दोन्ही पक्षांचं खरोखर एकमत होतं.

तीन दिवसांत सगळे थंड. एकाला समिती, दुसऱ्याला रस्त्याचं काम, तिसऱ्याच्या खांद्यावर नुसता हात. ज्यानं पुतळ्याला काडी लावली तोच टायरमध्ये हवा भरता भरता मामाला समजावू लागला. "मामा, राजनीती में सब चलता है. जिल्ह्याच्या विकासासाठी हाय."

"विकास का परवापासून सुरू झाला का रे?" मामानं विचारलं. "अन् थो तांदूळ? चोरलेला का परत आणून देल्ला त्यानं?"

"तांदूळचोर नका म्हणू आता. मित्रपक्ष म्हणा."

त्या पोरानं नळी काढली, गाडीला किक मारली आणि गेला. मला किळस पुढाऱ्यांची कमी येते. ते कपडे बदलावेत तसे बदलतात, त्यांचा धंदाच तो. किळस येते ती या मधल्या लोकांची. परवा ज्याच्या नावानं थुंकले, आज त्याच्याच फ्लेक्सवर कोपऱ्यात आपला चेहरा छापून घेण्यासाठी भांडणारे. पुढे कॉलेजात आघाडी सरकारांचा धडा होता. सर म्हणाले, कॅनडासारख्या देशातही विरोधी पक्ष एकत्र बसू म्हणाले की अशीच बोंब उठते. एक म्हणतो लोकशाही वाचवली, दुसरा म्हणतो विकली. वर्ग हसला. मला वाटलं, असेल बाबा, पण तिथं कुणी बहिणीच्या घरचं पाणी तर सोडत नसेल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुडव्याच्या वेशीवर मारबत निघाली. मामा पुढे झाला आणि गळ्याच्या शिरा फुगवून ओरडला, "छत्री अन् कपबशी, दोनीले घेऊन जाय गे मारबत!" कुणी हसलं नाही. तिथून तो घरीही गेला नाही, तडक स्टेशनावर.

दुपारी आमच्या अंगणात उभा. आमच्या छपरावर आता दोन झेंडे होते. मुनिमानं छत्रीचाही लावायला दिला होता. कवेलू कमी आणि झेंडे जास्त. मामानं वर पाहिलं, मग मायकडे.

"पाणी देतं का, बाई?"

माय सूप पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "सहा वर्षांनी तहान लागली का रे तुले, दादा?"

मामा खालीच बसला, मातीत. "त्याइनं गळ्यात गळे घातले व. अन् मी येड्यावानी बहिणीचं दार सोडून बसलो." माय उठली, पाणी आणलं. तो प्याला, डोळे पुसले आणि माझ्याकडे वळला. "कॉलेजची तारीख हाय का अजून?"

"शनवारपर्यंत."

"मंग पेटी भर."

बाबा घाबरून म्हणाले, "मुनीम काय म्हणन?"

"सांगजा, मुनीम आता माया मित्रपक्ष हाय."

मी कुडव्याला आले, बी.ए.ला नाव घातलं. महिनाही झाला नसेल, युती मोडली. पहिलं अध्यक्षपद कुणाचं, यावर. सत्ता बसण्याआधीच उठली. दुसऱ्याच दिवशी तेच कार्यकर्ते दुकानात हजर. मी आतल्या खोलीत वही उघडून बसले होते. कान बाहेर.

"मामा, भाऊसाहेबाचा आदेश हाय. तांदूळचोर पुन्हा सुरू करा."

मामा पंक्चर शोधायला ट्यूब पाण्यात दाबत होता.

"अन् ते कपबशीवाल्याची पोरगी घरात ठेवली म्हणते तुमी? लोकाइत बरं नाई दिसत. बूथप्रमुखाच्या घरी? घरी धाडा तिले."

या माणसानं एकदा पक्षासाठी सख्खी बहीण सोडली होती. मी वही मिटली. पेटी कुठे ठेवलीय ते नजरेनं शोधलं.

"मी का नळ हाव का बे?" मामाचा आवाज चढला. "तुमी खोलान तवा शिव्या निघतीन, बंद करान तवा बंद? पोरगी कोन्या पार्टीची नाई, माया बहिणीची हाय. तिची परीक्षा हाय. चला, निघा, उजेड अडून राहिला."

त्यांनी त्याचं बूथप्रमुखपद काढून घेतलं. हवा भरायलाही दुसरीकडे जाऊ लागले. मामा मोठा संत झाला असं मी म्हणणार नाही. त्याला ते फार लागलं. पुढच्या मतदानाच्या दिवशी पहाटे उठून त्यानं इस्त्रीचे कपडे घातले आणि मग दिवसभर दुकानाच्या पाटावर नुसता बसून राहिला, कुणी बोलवेल म्हणून. कुणी आलं नाही. संध्याकाळी मी विचारलं, "मत कोणाले देल्लं, मामा?" तर खेकसला, "तुले काऊन सांगू? वाच तू."

"वाच तू" हेच मग त्याचं पालुपद झालं. मी पोळ्या लाटायला उठले की वाच तू. मामीशी गप्पा मारायला बसले की वाच तू. पुस्तकात काय आहे ते त्याला कळत नव्हतं, पण माझ्या आवाजावरून मी पाठ करतेय की नुसती पुटपुटतेय, हे तो भिंतीपलीकडून ओळखायचा.

तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला महिना असताना मामा गेला. सकाळी दुकान उघडता उघडता छातीत कळ आली, गोंदियाच्या दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. मयतीला दोन्ही पक्षांचे लोक आले. छत्रीवाल्यांनी झेंडा आणला होता, "जुना निष्ठावंत" म्हणून. कपबशीवाल्यांनीही आणला होता, कारण म्हणे शेवटी तो मनानं आमच्याकडे आला होता. प्रेताच्या दोन बाजूंना उभे राहून ते हळू आवाजात भांडत होते. मोबाइल काढून एक जण फोटोचीही तयारी करत होता. माय पुढे झाली. आयुष्यात कधी चारचौघांत न बोललेली माझी माय. "दोनी झेंडे घेऊन निघा," ती म्हणाली. "माया भावाले पांढरं कापड पुरते."

महिन्यानं मी परीक्षा दिली. निकाल लागला. मी पहिल्या श्रेणीत बी.ए. झाले. आमच्या आणि मामाच्या, दोन्ही घरांत मिळून पहिली.