भट्टीतलं कुंकू

"फुलं तिथंच ठेव. तू बाहेर थांब," सर म्हणाले. माझे पीएचडीचे गाइड.

खंडेनवमी. गोंदियातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होती. झेंडू आमच्या परसातला. आईनं अर्जुनी मोरगावहून सकाळच्या गाडीनं माझ्यासोबत पिशवीभर धाडलेला. झेंडू आत गेला, मी दाराशी राहिलो. कारण कोणी सांगितलं नाही. आडनाव सगळ्यांना माहीत होतं.

पीएचडीचा विद्यार्थी, आणि राखतोय चपला. एकाला म्हटलं, "भाऊ, टोकन घेऊन जा." सगळे हसले. मी सगळ्यात जास्त. लाज झाकायची ही माझी जुनी खोड.

आईचा फोन आला. पहिलं फूल कोणी वाहिलं, विचारत होती. म्हटलं, म्याच.

माझ्या गाढवपणाची यादी मोठी आहे. माझं संशोधन ज्यावर, त्या गॅलियम ऑक्साइडच्या स्फटिकाचा तुकडा पहिल्यांदा आला, तो इतका पारदर्शक, की डबी रिकामी आली म्हणून मी तक्रारीचा मेल लिहिला होता. पण या वेळची चूक हसण्यावारी नेता येत नाही.

असल्या तीन तुकड्यांत दूरच्या एका संस्थेत सिलिकॉनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, वेगानं घुसवून आणले होते. नंबर लागायलाच वर्ष गेलं. आयन घुसताना आतली रचना मोडते. मग भट्टीत, नायट्रोजन वायूमध्ये, साडेनऊशे अंशांवर तापवायचं. रचना सावरते, सिलिकॉन जागेवर बसतो, वीज वाहू लागते. माझी सगळी पीएचडी त्या तीन तुकड्यांत होती.

दसऱ्यानंतर भट्टी उघडली. तुकडे ठेवायच्या क्वार्ट्झच्या ताटलीवर सरांनी पूजेत कुंकवाचं बोट ओढलेलं. एवढ्या उष्णतेत ते तुकड्यांत शिरणार, हे मला ठाऊक. ताटली ॲसिडनं धुवायची, हे मीच ज्युनियरांना शिकवतो. पण पूजेचं कुंकू. माझ्या हातानं धुतलं आणि कोणी पाहिलं तर? अर्धा तास उभा होतो. शेवटी कोरड्या कागदानं हलकेच पुसलं, देवाची माफी मागितली, तुकडे आत सरकवले. देव मी मानत नाही. तरी मागितली.

तिन्ही बाद. वर डाग, आणि वीज काही वाहेना.

सरांनी सगळ्यांसमोर लॉगबुक पुढं केलं. म्हणाले, "लिही : माझ्या अस्वच्छतेमुळं नमुने खराब झाले." मी कुंकवाचा विषय काढला. सर शांतपणे म्हणाले, "कुंकवानं नाही रे होत. हात कुणाचे लागतात, त्यानं होतं."

मला विनोद सुचला नाही. पहिल्यांदाच.

पेन घेतलं. लिहिलं : ताटलीवर कुंकू होतं. सरांनी लावलं. मी पाहिलं आणि भीतीपोटी धुतलं नाही. सही केली. मग त्यांच्या देखत ताटली उचलून ॲसिडमध्ये सोडली.

आईला सगळं खरं सांगितलं. फुलाचंही, दाराशी हसल्याचंही. ती म्हणाली, "तू काऊन हासला बाबू?"

का हसलो, ते मी अजून स्वतःला विचारतो.

सहामाही अहवालावर सरांची सही अडली आहे. त्यांचा निरोप येतो : ते पान खोड, लगेच करतो. नवे तुकडे त्या सहीशिवाय मिळत नाहीत. गाइड बदलून मागितलाय. मिळेल, न मिळेल.

चुका मी पुढंही करीन, माझा तो लौकिकच आहे. त्या माझ्या नावावर लिहा. पण ते पान मी खोडणार नाही. पीएचडी अर्धवट राहिली तरी.