व्हाळावर एकमत

"हात वर करा. त्या रविवारी 'व्हय म्हाराजा' कोण कोण म्हणालात, त्यांनी हात वर करा."

आमच्या मंचाची संयोजक टेबलावर कागद आपटून ओरडत होती. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही अकरा शिकलेली माणसं बसलो होतो. एक वकील, दोन सीए, चार-पाच घरून काम करणारे संगणकवाले, एक मी, दाताचा डॉक्टर. आणि उरलेले दोघे-तिघे काय करतात ते त्यांच्या आईवडिलांनाही धड सांगता येत नाही. सगळे जमिनीकडे बघत होते. खालच्या मजल्यावर पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांनी पेपर मिटून कान वर केले होते. माझा अंदाज आहे की तिचा आवाज बांद्यापर्यंत गेला आणि नाक्यावर दोन ट्रक आपोआप थांबले.

एकही हात वर गेला नाही. मग तिने तो कागद वाचून दाखवला. नगरपरिषदेच्या कामाच्या प्रस्तावाला जोडलेला इतिवृत्ताचा कागद होता तो. "'शहरातील व्हाळावर स्लॅब टाकून पर्यटकांच्या वाहनांसाठी वाहनतळ करावा, या मागणीस शहरफेरीत उपस्थित सर्व तरुण नागरिकांनी एकमुखाने होकार दिला.' आणि खाली आपल्या सगळ्यांच्या सह्या."

सह्या खऱ्याच होत्या. फेरी संपल्यावर उसळ-पावाच्या किती प्लेटी सांगायच्या म्हणून एक कागद फिरला होता, त्यावर आम्ही मोठ्या उत्साहाने सह्या ठोकल्या होत्या. शहराच्या एकाही प्रश्नावर आम्ही इतक्या तत्परतेने सही केलेली नाही.

शेवटी मी हात वर केला. "मी म्हणालंय. पण माका वाटला..."

"तू सगळ्यात मोठ्याने म्हणालंस," ती म्हणाली. "मी तुझ्या बाजूक उभी होतंय. माझो कान अजून वाजता."

हे कसं घडलं ते सांगतो, पण सांगताना माझं डोकं तापणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

ही संयोजक आर्किटेक्ट. पुण्यात काही वर्षं काढून परत आली आणि आल्या आल्या तिने आमच्यासारख्या तरुण म्हणवणाऱ्यांचा मंच काढला. महिन्यातून एका रविवारी शहराची फेरी. सगळ्यांनी मिळून जायचं, एक प्रश्न प्रत्यक्ष बघायचा, त्यावर बोलायचं आणि नगरपरिषदेला लिहून द्यायचं. कल्पना इतकी चांगली की ती आमच्या हातात द्यायलाच नको होती. पहिल्या फेरीत आम्ही कचरा डेपोवर गेलो. तिथे प्रत्येकाने कचऱ्याच्या डोंगरापुढे स्वतःचा फोटो काढला आणि नाक धरून परत आलो. दुसऱ्या फेरीत एस्टी स्टँडवरच्या मुतारीची अवस्था बघायची होती. ती बघायला वकील एकटाच आत गेला, आणि मी शपथेवर सांगतो, तो आत गेला तेव्हा त्याचे केस काळे होते. तिसऱ्या फेरीपर्यंत मंचाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोनशे माणसं झाली होती आणि प्रत्यक्ष येणारी अकरा. उरलेली एकशे एकोणनव्वद अंगठे दाखवत होती.

तिसरी फेरी व्हाळाची. आणि तिथे माझा जीव अडकला होता.

व्हाळ म्हणजे आमचा ओढा. अर्ध्या शहराचं पाणी घेऊन तो माझ्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीला घासून खाडीला मिळतो. मागच्या वर्षी त्याच्या एका तुकड्यावर कुणीतरी स्लॅब टाकला, पाण्याला वाट अपुरी पडली आणि ते माझ्या दवाखान्यात आलं. पेशंट खुर्चीत तोंड उघडून पडलेला, मी गुडघाभर पाण्यात, आणि कंप्रेसरच्या शेजारून एक शेंगटी पोहत गेली. तिने जाताना तोंड उघडलं, तर तिचे दात माझ्या पेशंटपेक्षा बरे होते. कंप्रेसर त्या दिवशी मेला. आता उरलेल्या व्हाळावरही स्लॅब टाकून वर पर्यटकांच्या गाड्या लावायच्या, अशी कुजबुज होती. तसं झालं तर पहिल्या आठवड्यात माझा दवाखाना खाडीत. खोली मालकाची असली तरी तिच्यातला प्रत्येक नळ, प्रत्येक तार मी माझ्या हाताने बसवलेली, आणि दुसरीकडे तळमजल्यावर जागा मिळत नाही. म्हणून ह्या फेरीसाठी सगळ्यांना फोन करकरून मीच गोळा केलं होतं. व्हाळ उघडाच राहिला पाहिजे, असं आम्ही सगळ्यांनी नगरपरिषदेच्या अभियंत्यापुढे उभं राहून सांगायचं, असं ठरलं होतं.

अभियंता आला. तो माझ्याच वर्गातला, माझ्या मागच्या बाकावरचा. त्याची डावीकडची दाढ तेव्हा माझ्या ताब्यात होती, अर्धी कोरून वर तात्पुरतं टोपण लावलेली, त्यामुळे मी निर्धास्त होतो.

चूक संयोजकाची नाही, माझी नाही आणि कुणाचीच नाही, असं मी आज म्हणू शकतो. त्या दिवशी म्हणू शकलो नव्हतो. झालं असं की फेरी देवळाच्या पायरीपासून निघणार, तर निघण्याआधी गाऱ्हाणं घालायला नको का, असं कुणीतरी म्हणालं. आमच्याकडे विहीर खणा, गाडी घ्या, क्रिकेटची मॅच लावा, आधी देवापुढे गाऱ्हाणं. ते घालायचा मान आबांचा. आबा प्राथमिक शाळेतले निवृत्त मास्तर, आवाज असा की गाभाऱ्यातली समई हलते. त्यांची रीत सगळ्यांना माहीत. ज्याला जे मागायचं असेल ते त्याने आधी आबांच्या कानात सांगायचं, आबा ते एकामागून एक देवाला सांगणार, आणि प्रत्येक वाक्यानंतर उरलेल्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा.

मी माझं म्हणणं आबांच्या कानात सांगितलं. माझ्यानंतर बाजूच्या लॉजचा मालक येऊन काहीतरी सांगून गेला. तो आमच्या मंचात नाही, दूध घ्यायला निघाला होता. मी बघितलं, पण लक्ष दिलं नाही. मी उसळीचा विचार करत होतो.

"बा देवा म्हाराजा," आबांनी सुरुवात केली. "आज ही शिकली-सवरलेली पोरां शहराचा बरा करूक एकत्र इली आसत."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या पाठीशी उभो रव."

"व्हय म्हाराजा."

"डॉक्टराच्या दवाखान्यात मागच्या पावसात पाणी शिरला, तसा परत शिराक नको."

"व्हय म्हाराजा." इथे मी जो आवाज काढला त्याने पारावरची कबुतरं वालावलला गेली.

"आणि ह्या व्हाळार बरो मजबूत स्लॅब पडांदे, पावण्यांच्यो गाड्यो थंय रांगेत उभ्यो रवांदेत."

"व्हय म्हाराजा."

आम्ही सगळे म्हणालो. कानात इयरफोन घातलेले संगणकवालेसुद्धा म्हणाले. संयोजक म्हणाली. ती हे आजही मान्य करत नाही, पण मी तिच्या बाजूला उभा होतो. आमच्याकडे तो शब्द कानातून डोक्यात जात नाही, कानातून थेट घशात उतरतो. आबांनी 'ह्या सगळ्यांची घरां जळांदेत' असं सांगितलं असतं तरी आम्ही तेवढ्याच भक्तीने व्हय म्हाराजा म्हणालो असतो आणि मग उसळ खायला गेलो असतो.

फेरी झाली. व्हाळाच्या काठाने अर्धा किलोमीटर चाललो, प्रत्येकाने गंभीर चेहरा करून पाण्याकडे बघितलं. बोलायची वेळ आली तेव्हा वकिलाला भूक लागली होती, सीएंना घरी पाहुणे यायचे होते, आणि अभियंता म्हणाला, "तुमचा म्हणणा माका समाजला." आम्हाला वाटलं, वा, किती सोपं.

तर त्याला हे समजलं होतं.

वाचनालयातल्या त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि संयोजक नगरपरिषदेत गेलो. जाताना मी तिला सांगितलं, तू बोलू नकोस, माझा वर्गमित्र आहे, मी गोडीत घेतो. आत गेल्यावर मी गोडीत म्हणालो, "मेल्या, ह्या काय लिवलंस?"

ऑफिसात तो पुस्तकी मराठीत बोलतो, म्हणजे त्याला हलवता येणार नाही असं समजायचं. "डॉक्टर, जे घडलं ते लिहिलं. प्रस्तावाला लोकांचा सहभाग दाखवावा लागतो. तुम्ही सहभाग दिलात."

"ता गाऱ्हाणा होता रे. देवाक घातलेला."

"हो. मीही तिथेच होतो. मीही व्हय म्हाराजा म्हणालो. देवासमोर झालेलं मी कागदावर खोटं कसं लिहू?"

"मगे दवाखान्यात पाणी शिराक नको ह्येच्यार पण सगळे व्हय म्हणाले. ता खंय लिवलंस?"

त्याने गालावरून हात फिरवला, टोपण असलेल्या बाजूने. "ती मागणी देवाच्या अखत्यारीतली आहे."

संयोजक उठून बाहेर गेली. जिन्यात तिने भिंतीला लाथ मारली. चप्पल तुटली. आम्ही आबांकडे गेलो, ती एका पायात चप्पल आणि एक हातात घेऊन.

आबा अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होते. संयोजकाने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आबानु, तुमी असा कसा म्हणालात? ह्या डॉक्टराचा दवाखानो बुडतलो."

"बाय गो," आबा म्हणाले, "जो जा सांगता ता मी फुडे सांगतंय. मी मधलो माणूस. लॉजवाल्यान सांगल्यान स्लॅब, मी म्हटलंय स्लॅब. तुमी व्हाळाचा काय सांगितलातच नाय. डॉक्टरान फक्त सांगल्यान दवाखान्यात पाणी नको. आता देव काय घरोघरी जावन इचारतलो, बाबा रे, पाणी नको तर व्हाळ उघडो होयो काय?"

 बावीस वर्षांच्या शिक्षणात मला इतकं स्पष्ट कुणी बजावलं नव्हतं. मी देवाला आजार सांगितला होता आणि औषध लॉजवाल्याने लिहून दिलं होतं.

"मगे परत घाला," मी म्हणालो. "व्हाळ उघडो रवांदे म्हणान."

आबांना त्यात काही अवघड वाटलं नाही. पुढच्या रविवारी चौथी फेरी ठरली. ग्रुपवर एकशे चाळीस अंगठे आले. त्याच दिवशी शिरोड्याला क्रिकेटची फायनल निघाली आणि प्रत्यक्ष आले सात, त्यातले दोन पायरीवर बसून फायनलचा स्कोर बघत होते. संयोजकाने मजकूर टाईप करून आणला होता, दोन पानं, खाली सरकारी नियमांचे दाखले. आबांनी तो चष्मा न लावता घडी करून खिशात ठेवला. "देव कागद वाचना नाय, बाय," म्हणाले.

आणि लॉजवाला दूध घ्यायला निघाला. त्याला बघताच मी आबांच्या उजव्या कानाला जाऊन चिकटलो आणि संयोजक डाव्या. लॉजवाला चारदा फेऱ्या मारून गेला, आम्ही हललो नाही. घामाने आबांचा सदरा आमच्या दोघांच्या बाजूने भिजला. "रे झिला, श्वास तरी घेवंदे," ते मला म्हणाले.

"बा देवा म्हाराजा," अखेर आबांनी हाक घातली, "ह्यो व्हाळ असोच मोकळो रवांदे. तेच्यार स्लॅब पडाक नको."

त्या दिवशी सात माणसांनी सातशेंचा आवाज काढला. स्कोर बघणारे दोघेसुद्धा दचकून उभे राहून ओरडले. अभियंता आमच्यात उभा होता, तोही म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने वहीत लिहून घेतलं. मी त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं. 'एकमुखाने', असाच शब्द होता.

मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांची उसळ सांगितली. खाऊन झाल्यावर मी अभियंत्याला बाजूला घेतलं. दोन ठराव झाले, त्यातला आता कुठला धरणार, असं विचारलं.

"दोन्ही एकमुखाने आहेत," तो म्हणाला. "दोन्ही वर पाठवतो."

"आणि वरून काय येईल?"

"पहिला आधी गेलाय."

 त्याने बशीतला शेवटचा पाव उचलला आणि उजव्या बाजूने चावू लागला.

"मग मी काय करू रे? पाऊस तोंडावर आला. दवाखाना तिथेच ठेवू की नको, तेवढं तरी सांग."

त्याने पाव गिळला, हात पुसले.

"वरचा मजला बघ," तो म्हणाला.