दोन बोटं पाणी

मनस्वी माझ्या नजरेत भरली ती मी सातवीला विज्ञान शिकवत असताना. खारं पाणी आटवायचा प्रयोग चालू होता. पेणजवळच्या खाडीकाठी मीठ पिकवणाऱ्या कान्हूची ही मुलगी उठली, ताटलीत बोट बुडवलं आणि म्हणाली, "बाई, लय खोल हाय. दोन बोटं पाणी पुरे." जास्तीचं पाणी तिनं खिडकीबाहेर ओतलंसुद्धा.

पुढे रोह्याच्या कॉलेजात शिकून ती वडखळजवळच्या एका लहान कारखान्यात लागली. तिथं लोखंडी सामानावर क्रोमचा मुलामा देतात. धुण्याचं पाणी पिवळं निघतं, आणि त्यातलं क्रोमियम विषारी असतं. कॉलेजातल्या सरांनी तिला उपाय शिकवला होता. पाण्यात लिंबूसत्त्व आणि एक पांढरी पूड घालून उन्हात ठेवायचं. उन्हाच्या जोरावर ती पूड क्रोमियमचं विषारी रूप पालटते. मग चुना घातला की त्याचा हिरवट गाळ तळाशी बसतो, तो वेगळा काढता येतो.

मार्चमध्ये मी तिला भेटायला गेले तेव्हा गच्चीवर नऊ मोठे ट्रे मांडलेले होते. दोन-दोन बोटं पाणी, कालपासून उन्हात, आणि तसंच पिवळंधमक. मालक हैबतराव वर आले.

"मीठ पिकवतेस का गो माझ्या गच्चीवर?"

"सायेब, आजचा दिवस द्या."

"चारपर्यंत. मग हे सगळं मोरीत ओतायचं. उद्याचं पाणी ठेवू कुठं, डोक्यावर?"

मोरीचं पाणी नाल्यातून खाडीत जात होतं. त्या संध्याकाळी उधाणाची भरती होती. कान्हू आणि शेजारचे सगळे त्याच भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं दार, उघडून मिठागरात पाणी घेणार होते.

मनस्वी ट्रेपाशी बसली. हातमोज्यातलं बोट तिनं तळाला टेकवलं. वर काढलं तर टोकाला पांढरा थर.

"बाई, चुकलं माझं," ती म्हणाली. "मीठ धरताना पाणी हलवायचं नसतं. हलवलं की बाबा ओरडायचे. मी हितं पण नाय हलवलं. पूड खाली झोपलीय, तिला ऊन लागणार कुठून?"

तेव्हा साडेअकरा झाले होते. तिनं एक लाकडी फळी उचलली आणि एकेक ट्रे ढवळत फिरू लागली. नववा झाला की पुन्हा पहिला. ती जेवली नाही. तीन वाजता तिनं नळीत थोडं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचा थेंब टाकला. विष असलं की जांभळं होतं. जांभळं झालं.

पावणेचारला पुन्हा थेंब. फिकट, पण जांभळंच. ऊन कलत होतं. हैबतराव घड्याळ बघत मोरीपाशी येऊन उभे राहिले.

"चार वाजले, मनस्वे."

"ढवळते हाय ना! पाच मिंटं!"

तिनं शेवटचा थेंब टाकला. आम्ही तिघंही नळीकडे बघत राहिलो. पाणी पाण्यासारखंच राहिलं. बाकीच्या आठ ट्रेंचंही तसंच.

"चुना कुठंय?" हैबतराव एवढंच म्हणाले.

आज त्या गच्चीवर चोवीस ट्रे आहेत. मनस्वीच्या दोन्ही तळहातांना फळीचे घट्टे पडले आहेत.