तिकडच्या गावाचं पाणी

जर्मनीतल्या एका लहानशा गावाची जेवढी माहिती आमच्या घरात आहे, तेवढी खुद्द त्या गावात कुणाला असेल असं मला वाटत नाही. चर्चमागचा ओढा कुठं वळतो, पाववाल्याची गाडी कुठं थांबते, कुणाचा कुत्रा कुणाच्या दारात जाऊन घाण करतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आष्ट्याच्या बाजारात बांगड्या भरणारे चाचासुद्धा मला विचारतात, "काय वहिनी, तिकडचं बर्फ वितळलं का?" आणि आमच्या घरात पासपोर्ट म्हणाल तर बाहेर गेलेल्या लेकीशिवाय एकाकडंही नाही.

ह्या सगळ्याला कारण आमचे थोरले दीर. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो. आबांचा एक नेम आहे. घरातली मुलगी द्यायची किंवा आणायची झाली की ते आधी गाव बघून येतात. मुलगा किंवा मुलगी नव्हे, गाव. माणूस काय, वर्षभरात कळतो, पण गाव आयुष्यभर भोवतं, असं त्यांचं म्हणणं. बघायची तऱ्हाही ठरलेली. एसटीतून गावाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरायचं, चालत शिरायचं, कोण कुठले ते सांगायचं नाही, कुणाच्याही दारात पाणी मागून प्यायचं आणि पारावर बसून लोकांना बोलतं करायचं. माझं माहेर रहिमतपूरच्या बाजूला. तिथंही ते असेच येऊन गेले होते. आमच्या शेजारणीनं त्यांना कुणीतरी बैल बघणारा समजून चहा पाजला होता. पाणी जरा जड आहे, पण माणसं बरी आहेत, असा शेरा त्यांनी घरी दिल्याचं मला लग्नानंतर कळलं. आमच्या आडाचं पाणी जड! वर्षभर मी त्यांच्या ताटात भाजी वाढताना सूड म्हणून किती मीठ जास्त घालावं ते मनातल्या मनात मोजत होते.

आबांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे 'हो' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही. मनात होकार असला की ते समोरच्याला काहीतरी काम सांगतात. माझ्या वडिलांना त्यांनी एवढंच सांगितलं होतं की तुमच्या गोठ्याच्या दाराची बिजागरी निखळली आहे, वऱ्हाड यायच्या आत बसवून घ्या. वडील घरी आले ते पेढे घेऊनच.

तर आमची लेक जर्मनीत नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी तिनं फोनच्या पडद्यावर आम्हाला तिघांना समोर बसवलं आणि तिकडच्याच एका मुलाशी लग्न करायचं आहे म्हणून सांगितलं. मुलगा दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो, आईबापाच्या गाई आहेत, गाव लहान आहे. आमचे हे वर पंख्याकडं बघत राहिले. पंखा बंद होता. मला रडावं की ओरडावं ते सुचेना, म्हणून मी तिला जेवलीस का विचारलं. आबा मात्र पुढं सरकले. जात, धर्म, पगार काही नाही. त्यांनी विचारलं, "गावात किती तट हायत?"

लेकीनंही तेव्हाच सांगून टाकलं की आबांनी होकार दिल्याशिवाय ती लग्न करणार नाही, आणि नकार दिला तर दुसरीकडंही करणार नाही. ती त्यांचीच. पाठीला वाळला भोपळा बांधून तिला विहिरीत पोहायला शिकवलं ते त्यांनी. बापानं काठावर उभं राहून डोळे मिटून घेतले होते. लेकीचा हट्ट आणि आबांचा नेम, ह्या दोहोंच्या मध्ये मी सापडले. एकुलती एक पोर. तिचं लग्न मोडलं तर ती आयुष्यभर तोंडानं काही बोलणार नाही हे मला माहीत होतं, आणि मला त्याचीच भीती होती.

आबांचा गुडघा गेलेला, विमान त्यांना मान्य नाही. मग त्यांनी घरबसल्या चौकशी सुरू केली. ह्यांनी फोनवर आकाशातून गाव काढून दाखवलं. मधे चर्च, भोवती तांबड्या कौलांची घरं, वर टेकडीवर रान आणि बाकी सगळं हिरवं.

"ऊस कुठं हाय ह्यात?" आबांनी विचारलं.

ऊस नाही, ते गवत आहे, असं ह्यांनी सांगितलं. आबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. एवढ्या जमिनीत नुसतं गवत करणाऱ्या गावाला खायला काय मिळतं, असा त्यांना प्रश्न पडला. गवत गाई खातात आणि माणसं दूध-लोणी खातात हे कळल्यावर ते म्हणाले, म्हणजे कारखान्याची भानगड नाही, हे बरं.

मग इतिहास निघाला. रोज संध्याकाळी लेक कामावरून सुटली की आबांचा फोन जायचा. कुठल्याशा जुन्या लढाईत ते गाव जळालं, लोक रानात पळाले आणि काही वर्षांनी परत येऊन ओढ्याच्या अलीकडं बसले. आपलंही गाव असंच एकदा उठलं होतं, हे आबांनी पारावर चार माणसांना सांगितलं. शाळा पोरं नसल्यानं बंद पडली. ही गोष्ट मात्र त्यांना आवडली नाही. चर्चच्या दारात एक दगड आहे, त्यावर पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोरांची नावं आहेत. आमच्या वेशीतही तसाच दगड आहे. त्यावर नावं नाहीत, लढाईला किती माणसं गेली तेवढंच आहे, आणि त्यात आमच्या घरातलाही एक होता.

"म्हंजे आपली माणसं ह्यांच्याशीच लढाय गेलती," आबा म्हणाले. आता बिनसणार म्हणून मी पदर तोंडाला लावला. आबांनी थोडा विचार केला. "मग जुनी वळख निघाली म्हणायची."

एवढं झाल्यावर त्यांनी शेवटची अट घातली. मुलानं फोन हातात धरून गावातून चालायचं, आबा सांगतील तिथं वळायचं आणि वाटेत जो भेटेल त्याला ह्या घरात मुलगी द्यावी का ते विचारायचं. गावाला आधी काही कळता कामा नये. लेक कबूल झाली, मुलगा कबूल झाला.

आता तिकडची एक रीत आम्हाला ठाऊक नव्हती. तिकडं माणसाला विचारल्याशिवाय त्याचं चित्रण करत नाहीत म्हणे. आपल्याकडं बारशाला आलेल्या पाहुण्याचा जेवताना व्हिडिओ काढून सगळ्या भावकीला पाठवतात, तिकडं ते चालत नाही. मुलगा सरळमार्गी. तो आठवडाभर घरोघरी जाऊन परवानगी घेत हिंडला. कशासाठी, हे लोकांनी विचारलं तेव्हा त्यानं खरं तेच सांगितलं. एका शेजाऱ्यानं तेवढी परवानगी दिली नाही.

रविवारी फोन लागला. आबा धुतलेली टोपी घालून बसले होते. मुलगा पहिल्या गल्लीत शिरला, आणि बघतो तर काय, दोन्ही बाजूंना माणसं इस्त्रीचे कपडे घालून फाटकात उभी! हात हलवताहेत, हसताहेत. अंगणं झाडलेली. एका म्हातारीनं तर कुत्र्याच्या गळ्यात फीत बांधलेली. आबांनी डावीकडं वळायला सांगितलं, तिथंही तेच. पहिला माणूस म्हणाला मुलगा फार चांगला. दुसरा म्हणाला घर फार चांगलं. तिसऱ्यानं तर खिशातून कागद काढला. लेक खालमानेनं सगळ्याचं मराठी करून सांगत होती आणि प्रत्येक स्तुतीबरोबर आबांचा चेहरा उतरत होता.

"बंद कर," ते म्हणाले. "समद्या गावाला शिकवून ठेवलंय."

लेकीनं परवानगीची रीत समजावून सांगितली. आबांना ती पटली नाही. ज्या गावात एकालाही एकाचं उणं दिसत नाही ते गाव एकतर खोटं असतं नाहीतर ओस, असं ते भिंतीकडं बघून बोलले. धाकट्या भावजयीशी थेट बोलायची आबांना सवय नाही, त्यामुळं मला सुनवायचं असलं की ते भिंतीला सुनावतात. त्या दिवशी मीही भिंतीलाच उत्तर दिलं. म्हटलं, पोरगी द्यायची आहे की गाव विकत घ्यायचं आहे? भिंत काही बोलली नाही. आबा उठून गोठ्यात गेले आणि घरात चार-सहा दिवस अबोला झाला. लेकीचा फोन यायचा, पण ती हवापाण्याचंच बोलायची.

आबांचा राग आला तरी त्यांच्या ह्या नेमामागं काय आहे ते मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. आमच्या थोरल्या वन्सं, म्हणजे आबांची मोठी बहीण, दुष्काळी माणदेशात दिलेल्या. माझ्या सासऱ्यांनी गुरांच्या बाजारात एका ओळखीच्याला शब्द दिला आणि गाव न बघता पोरगी देऊन टाकली. सासरी गेलेल्या बहिणीला पहिल्यांदा माहेरी आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. आबा मुराळी म्हणून गेले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. गावाबाहेर उन्हात त्यांना एक बाई डोक्यावर दोन घागरी घेऊन लांबून येताना दिसली. जवळ आल्यावर कळलं, ही आपली आक्का. वन्संनी पुढं जन्मभर तसंच पाणी आणलं. त्यांची मान अजून जरा पुढं झुकलेली आहे.

त्याच अबोल्यात वन्सं डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं राहायला आल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरात काय बिनसलंय ते माझ्याकडून काढून घेतलं, दुपारी चहा झाल्यावर मला फोन लावायला सांगितला आणि सोप्यात पाट घेऊन बसल्या. आबा समोरच्या खुर्चीत पेपर वाचत होते. म्हणजे पेपर उलटा नव्हता एवढंच.

तिकडं सकाळ होती. कुणालाही कल्पना नसताना फोन गेला, त्यामुळं लेक मुलाच्या घरच्या स्वयंपाकघरात सापडली. मागं मुलाची आई कणीक तिंबत होती, केस पिंजारलेले. मुलगा फाटक्या चड्डीवर. त्याला बघून मला पहिल्यांदाच तो बरा वाटला.

"गाव नगं दावूस मला," वन्सं म्हणाल्या. "पाणी कुठं हाय त्ये दाव."

लेकीनं नळ सोडून दाखवला. वन्संना तो पटला नाही. नळाला पाणी येतं कुठून, ते त्यांना बघायचं होतं. मग लेक आणि मुलगा फोन घेऊन तसेच मागच्या दारानं टेकडी चढायला लागले. वाटेत एका कुंपणाआडून म्हातारा बाहेर आला आणि हातातली कात्री नाचवत ओरडायला लागला. परवानगी न देणारा शेजारी तो हाच. आबांचा पेपर खाली आला.

"काय म्हणतोय त्यो?"

लेकीचा आवाज बारीक झाला. ह्याच्या बापानं बांधाचा दगड सरकवला आहे, असं तो म्हणतोय म्हणाली.

आबा खुर्चीच्या टोकावर आले. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडावर एवढा उजेड मी पाहिला नव्हता. "किती सरकवला?"

म्हाताऱ्यानं दोन्ही हात फाकवून दाखवलं. आबांनी मान डोलावली. आपल्या वाळव्यात ह्याच्या दुप्पट सरकवतात, आणि नंतर पूजेला पण बोलावतात, म्हणाले. मग त्यांनी लेकीला पुढचं विचारायला लावलं, बाप राहू दे, पोरगा कसा आहे? म्हातारा थांबला. कात्री खाली केली. नाइलाजानं खरं बोलावं लागलेल्या माणसासारखा तो हळू बोलला आणि लेकीनं तसंच हळू सांगितलं. बर्फानं रस्ता बंद होता तेव्हा त्याच्या आजारी बायकोला ह्याच पोरानं ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं होतं. पण दगड दगडाच्या जागी, असंही तो म्हणाला.

"वैऱ्यानं सांगितलं," आबा भिंतीला म्हणाले. ह्या वेळी भिंतीला म्हणजे मलाच, आणि ती माफी होती असं मी धरून चालले.

दोघं वर पोचली. झाडांच्या मुळाशी दगडी टाकं होतं, वर लोखंडी झाकण. मुलानं ते उचललं. आत झरा होता. पाणी बुडबुडत वर येत होतं, आणि तिथून एक नळी खाली घराकडं गेली होती. मुलानं ओंजळीनं पाणी पिऊन दाखवलं. वन्संनी फोन डोळ्याजवळ नेला.

"आन् भरतं कोण?"

"कुणीच न्हाई, आत्या. आपोआप घरात येतं."

वन्संचा हात नकळत मानेवर गेला. मग त्या भावाकडं न बघताच म्हणाल्या, "दे की रं पोरगी. हिच्या डोक्यावर काय यायचं न्हाई."

आबांनी टोपी काढली, तिनंच तोंड पुसलं आणि परत घातली. मला माझं रडू आवरेना, आणि आमचे हे पुन्हा पंख्याकडं बघत होते. आबा फोनजवळ वाकले.

"पोरा," आबा म्हणाले, "झाकण नीट लाव त्येचं. पालापाचोळा पडंल."

हे त्याला जर्मनमध्ये कुणी सांगायच्या आतच, आमच्या पोरीनं हसत-रडत खाली वाकून झाकण लावलं.