वृंदातला फिलाग्रोस

फिलाग्रोस माझ्या प्रथम लक्षात आला तो आवाजामुळे. सकाळी माझ्या शाळेत मुलं अक्षरं एका सुरात म्हणायची, तेव्हा सगळ्यांच्या वर एक स्वच्छ आवाज जायचा. तो कुणाचा, हे मला बरेच दिवस कळेना. मग एकदा मी मागच्या बाकावरच्या एका किडकिडीत मुलाला उभं केलं आणि वडिलांचं नाव विचारलं. त्याचे ओठ हलले, मान ताणली गेली, डोळ्यांत पाणी आलं. नाव काही बाहेर पडेना. मुलं फिदीफिदी हसू लागली. मी म्हटलं, "चला, सगळे मिळून म्हणू या." सगळ्यांनी त्याच्या वडिलांचं नाव घेतलं, आणि त्यात त्याचाच आवाज सर्वांत मोठा होता.

मोठेपणीही तो तसाच राहिला. एकटा बोलायला गेला की जीभ टाळूला चिकटायची. चौघांबरोबर मात्र एक शब्द अडत नसे. बाजारात अंजिरं विकताना भाव बोटांनी सांगायचा.

अथेन्सजवळच्या आमच्या इकारिया गावाला एक अभिमान आहे. नाटक आमच्या गावात जन्मलं, असं आम्ही मानतो. आधी नुसता वृंद होता, मद्याचा देव डायोनिसस याच्या वेदीभोवती फिरून गाणारा. एका वर्षी त्यातला एक जण रांगेतून बाहेर आला आणि वृंदाला उत्तरं देऊ लागला. तो पहिला नट. मग दुसरा आला, तिसरा आला, रंगवलेल्या भिंती आल्या. हे सगळं गावकरी पाहुण्यांना हौसेने सांगतात. फिलाग्रोसने मात्र एकदा मळ्यात माझ्यापाशी बराच वेळ शब्दांशी झगडून विचारलं होतं, "गुरुजी, तो... तो रांग सोडून गेला कशाला?"

तरुणपणी तो पंधरा जणांच्या वृंदात शिरला. हिवाळ्यातल्या उत्सवात मुखवटा चढला, पावा वाजू लागला की तो कधी वेढ्यातल्या नगरातली विधवा असे, कधी राजाला चार शब्द सुनावणारा म्हातारा. शोक, शाप, प्रार्थना, सगळं त्याच्या तोंडून धडाधड बाहेर पडे. तो आवाज ऐकूनच मिर्तोने बापापाशी हट्ट धरून त्याच्याशी लग्न केलं. ती हसून सांगायची, "नंतर कळलं हो, यांच्याशी गप्पा मारायच्या तर आणखी चौदा जणांना जेवायला बोलवावं लागेल!"

पण वृंद आटत चालला होता. कवी नटांसाठी लिहीत. गाणी आखूड होत गेली. उरलेल्या तीन-चार गाण्यांवर फिलाग्रोस वर्ष काढायचा.

त्या वर्षी अथेन्सहून अर्खिनोस नावाचा नट नवं विनोदी नाटक घेऊन आला. पाठांतराला मदत करायची म्हणून मीही तालमीला होतो. तो नटांची भाषणं वाचत गेला आणि गाण्याच्या जागी म्हणाला, "इथे वृंद." आणि पुढे वाचू लागला.

वृंदाचा म्हातारा म्होरक्या थ्रासिलोस म्हणाला, "अहो, पण शब्द?"

"शब्द नाहीत. कवीने 'वृंद' एवढंच लिहिलंय. तुम्ही प्यायलेली टोळी म्हणून यायचं, नाचायचं, जायचं. तेवढ्यात आम्ही मुखवटे बदलतो."

"मग एखादं जुनं गाणं म्हणू का?"

"आजोबा, अथेन्समध्ये लोक त्या वेळात फुटाणे खातात. नाचा म्हणजे झालं."

थ्रासिलोसने खांदे उडवले. बाकीचे खूशच झाले, पाठांतर वाचलं म्हणून. फिलाग्रोसने मात्र पुढे होऊन अर्खिनोसचा अंगरखा धरला. "दो... दो..."

"काय म्हणतोय हा?"

"दोन ओळी मागतोय," मी म्हटलं. "कुठल्याही."

"गुरुजी, मी नट आहे, कवी नाही. सोडायला सांगा, फाटेल."

दोन दिवसांनी मिर्तो माझ्याकडे आली. "हे जेवत नाहीत, गुरुजी. भिंतीकडे तोंड करून बसतात. तुम्ही तरी बोला." मी गेलो, शेजारी बसलो आणि परत आलो.

उत्सवाच्या दिवशी वृंद झोकांड्या खात आला, नाचला आणि निघाला. फिलाग्रोस निघाला नाही. तो रांगेतून एक पाऊल पुढे आला. ते वेढ्यातल्या बायकांचं जुनं गाणं होतं. पहिल्या अक्षरावरूनच मी ओळखलं. त्या अक्षराच्या पुढे तो गेला नाही. त्याने दोन्ही हात मागे पसरले, सोबत्यांना बोलावत. ते उभे राहिले. पावा वाजवणाऱ्याने पावा खाली घेतला. मुखवट्यामुळे फिलाग्रोसचा चेहरा कुणाला दिसत नव्हता, ताणलेली मान तेवढी दिसत होती. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच आहे. बाकं हादरेपर्यंत ते हसले. "आणखी! आणखी!" कुणीतरी ओरडलं. शेवटी थ्रासिलोसने कोपराला धरून त्याला ओढलं. "चल रे, बस झालं."

नंतर अर्खिनोस स्वतः धावत आला. "अरे, तू तर रत्न निघालास! पुढच्या वर्षी तोतऱ्या गुलामाची भूमिका लिहून घेतो. खास तुझी! एकट्याची!"

फिलाग्रोसने मुखवटा काढून त्याच्या हातात दिला. आतलं कापड भिजून चिंब झालं होतं.

"तुमचं रत्न तुमच्यापाशीच ठेवा," मिर्तो म्हणाली. "अहो, चला घरी."

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. उत्सवाच्या दिवशी तो मळ्यात खत टाकत असतो. गावात चौघांनी मिळून गायचं असं एकच काम आता उरलंय. शरद ऋतूत मद्यासाठी हौदात द्राक्षं तुडवताना माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तुडवणीची गाणी म्हणतात. फिलाग्रोस कुणाच्याही हौदात उतरतो, मजुरी घेत नाही. तेवढे दिवस त्याचा आवाज पार झऱ्यापर्यंत ऐकू येतो.

यंदा त्याचे गुडघे सुजलेत. तो हौदात उतरलेला नाही.