घरातला बोगस माणूस

"हा बोगस हाये," माय म्हणाली. माझ्याकडे बोट दाखवून, माझ्याच तोंडावर.

बरीच वर्षं पुण्यात काढून मी तिच्यासाठी रायपूरला परत आलो होतो. तिला विसर पडायला लागला होता. कामाला येणाऱ्या दीदी हसल्या, "हव माँजी" म्हणाल्या आणि तिला भाताचा घास भरवला. तो तिने मुकाट खाल्ला. हसू मलाही आलं, पण टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी दीदी लग्नासाठी गावी गेल्या आणि ताट माझ्या हातात आलं. मायने तोंड घट्ट मिटून घेतलं. शुगरची गोळी द्यायची तर पोटात अन्न हवं, आणि माझ्या हातून ती अन्नाला शिवेना.

गुढियारीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी येरझाऱ्या घालू लागलो. मला तसंही एका जागी बसवत नाही. डोक्यात तो शब्दच घोळत होता. शब्द मुळात बाबांचा. ते रेल्वेच्या मालधक्क्यावर होते, आणि संध्याकाळी दुनियेतल्या निम्म्या गोष्टी बोगस ठरवल्याशिवाय चपला काढत नसत. छत्री बोगस, गोल बाजारातून आणलेली कढई बोगस, शेजाऱ्याचं आजारपणसुद्धा बोगस. माय तो शब्द मराठीच समजायची, आणि लहानपणी मीही.

लिहिणाऱ्याला दुसरं काय सुचणार? मी शब्दकोश उघडला. शब्द अमेरिकेतला निघाला. खोटी नाणी पाडणाऱ्या यंत्राला तिकडे कधीकाळी बोगस म्हणत. मग त्या नाण्यांना म्हणू लागले, मग जे जे खोटं त्या सगळ्याला. पण यंत्राला हे नाव कुठून मिळालं ते कुणालाच धड ठाऊक नाही. कुणी भुताच्या एका जुन्या नावाकडे बोट दाखवतं, कुणी आफ्रिकेतल्या एका भाषेकडे. म्हणजे सगळ्यांना खोटं ठरवत फिरणाऱ्या या शब्दाच्या स्वतःच्याच आईबापाचा पत्ता नाही! मला भयंकर राग आला. शब्दावर, आणि खरं सांगायचं तर मायवरही.

"आई, मी तुझाच मुलगा आहे. दोन घास खाऊन घे ना," मी म्हणालो.

तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "माहा पोट्टा असा नाही बोलत," ती म्हणाली. "तुम्ही कोन आहा जी, साहेब?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुस्तकं लिहिता लिहिता मी माझी मराठी घासूनपुसून लख्ख केली होती. अशी मराठी या घरात फक्त नागपूरचा रेडिओ बोलायचा. मग मी तिच्यासारखं बोलून पाहिलं. "माय, तुले भूक नाही लागली काय?" माझं मलाच ते नाटकातलं वाटलं. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी मी पुन्हा भात गरम करत होतो, तेवढ्यात दाराची कडी वाजली. बाहेर धावलो तर माय भर उन्हात, अनवाणी, गल्लीच्या तोंडाशी पोचलेली. पलीकडच्या रस्त्यावरून भनपुरीकडे जाणारे ट्रक धडाधड चालले होते आणि ती सरळ तिकडेच निघाली होती.

"ए माय!" मी ओरडलो. "कुठी चालली तू? काहून अशी करून राहिली? पाय भाजून राहिले ना तुये!"

माझा आवाज फाटला होता. काय बोललो ते मला नंतर कळलं. ती थांबली, वळली, आणि तिचा सगळा चेहरा उजळला.

"आला काय रे?" ती म्हणाली. "तुलेच पाहून राहिली व्हती मी."

तिला धरून मी घराकडे निघालो. मला रडू येत होतं आणि गल्लीतल्या लोकांपासून मी ते लपवलं नाही. उंबऱ्याशी ती थबकली. मला खाली वाकवून कानाशी कुजबुजली, "आतमंदी एक मानूस हाये. बोगस हाये, पन बिचारा चांगला हाये. सकाळपासून ताट घेऊन माह्या मांगं मांगं फिरते, सोता काहीच खात नाही. तू त्याले हाकलू नोको. आधी त्याले जेवू घाल."